दिवसाच्या झोपेला राखणदार कोण?

बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावातून आलेलं पत्र. लिहिणारे ३८ वर्षांचे आहेत आणि उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनवर काम करतात. पाळ्या तीन: सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते रात्री ११, रात्री ११ ते सकाळी ७. दर आठवड्याला पाळी बदलते, आणि तीही उलटी. नाईटनंतर सेकंड, सेकंडनंतर फर्स्ट, मग पुन्हा नाईट. घरी आई, बायको, शाळेत जाणारी दोन मुलं, दोन म्हशी आणि दोन एकर रान. नाईटवरून साडेसातला घरी आले की दुधाची किटली घेऊन डेअरी, मग वैरण, मग रान. अकराला जेवून आडवे होतात आणि एकला डोळे टक्क उघडतात. मागच्या महिन्यात नाईटवरून येताना गाडी रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरली, तेव्हा जाग आली. मेहुण्याच्या ओळखीनं झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी आणलीय, त्यातल्या चार घेऊन झाल्या. शहरातल्या एका गोदामात फक्त दिवसाचं काम मिळतंय, पण हातात ६,००० रुपये कमी पडतील. आई म्हणते, "तुझ्या बापानं मुंबईत मिलमध्ये सोळा वर्षं नाईट काढली, संपानंतरच गावी आला. त्याला काय झालं न्हाई. तुलाच कशी झोप येत न्हाई?" ते विचारतात: गोळी रोज घेतली तर चालेल का? का नोकरीच सोडू? का मीच कुठं कमी पडतोय?

भाऊ,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पहिले दोन त्यातूनच आलेत. तुम्ही कमी पडताय का? तर नाही. तुमच्या आईनं वडिलांचा दाखला दिलाय, तो खराच आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा आपण बघू.

१९८२ च्या संपाआधी बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेली माणसं कशी राहायची, हे आपल्याकडं घराघरात ठाऊक आहे. एका खोलीत गावचीच दहा-पंधरा माणसं. जेवण खानावळीत. झोपही पाळीपाळीनंच, एक जण उठून कामाला गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. त्या खोलीत भर दुपारी कुणी झोपलेलं असलं तर त्यात कुणाला नवल वाटत नसे. आत येणारा आपसूक पाय न वाजवता येई, कारण उद्या त्यालाही तसंच झोपायचं असे. बायको-पोरं गावी, म्हैस गावी, रान गावी. नाईट सुटली की त्या माणसाच्या मागं झोपण्याखेरीज दुसरं काम नव्हतं.

म्हणजे तुमच्या वडिलांच्या दिवसाच्या झोपेला खोलीभर राखणदार होते. आणि त्याच वेळी इथली धार, इथलं रान, इथली पोरं कोण बघत होतं? तुमची आई. संध्याकाळी निवांत बसून हे त्यांना एकदा विचारा. वाद घालायला नव्हे, खरंच विचारा, की त्या सोळा वर्षांत तुझी झोप कशी व्हायची. मला वाटतं, "दिवसा लोळतोय" हे त्यांचं टोमण्याचं बोलणं त्यानंतर बरंच कमी होईल.

तुम्ही मात्र एकाच देहात तुमचे वडीलही झालाय आणि तुमची आईही. रात्री गिरणी, सकाळी रान. त्यातून जे तास उरतील ते झोपेचे. सगळ्यांना वाटून झाल्यावर तळाला जे राहील ते आपलं, असं तुम्ही झोपेचं केलंय.

आता एकला डोळे का उघडतात ते सांगते. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे थकवा, जितका वेळ जागे तितका तो साठत जातो. दुसरं, डोक्यातलं घड्याळ. मेंदूत डोळ्यांच्या मागच्या बाजूला पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो, तो डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून दिवस-रात्र ठरवतो आणि अंगाचं तापमान, भूक, तरतरी सगळं त्या हिशोबानं वरखाली करतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच, की पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीर सगळ्यात थंड आणि सुस्त असतं, आणि तिथून सकाळभर ते चढत जातं. तुम्ही अकराला पडता तेव्हा थकव्यानं झोप लागते खरी. पण दोन तासांत थकव्याचा पहिला जोर ओसरला, की चढतीला लागलेलं घड्याळ तुम्हाला ढकलून उठवतं. तेच आठला पडलात तर शरीर अजून खालच्या पायरीवर असतं, आणि सलग चार-पाच तास हाताशी लागायची शक्यता बरीच वाढते. तीन तासांचा फरक आहे, पण सगळी मेख तिथंच आहे.

मी स्वतः २१ वर्षं दवाखान्यात नर्स होते. पहाटे चारची ती वेळ मला चांगली माहीत आहे. एकदा एका बाईंना इंजेक्शन द्यायचं होतं. हातात ट्रे, समोर केसपेपर. मी नाव वाचलं. परत वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं, तरी डोळ्यांनी वाचलेलं डोक्यापर्यंत जाईना. शेवटी ट्रे खाली ठेवला, बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि दुसऱ्या सिस्टरला बोलावून तिच्याकडून वाचून घेतलं. त्या दिवशी सकाळी घरी न जाता मी आधी बाजारात गेले होते. का, तर घरातलं माणूस रात्रभर बाहेर होतं, मग सकाळी निदान भाजी तरी घेऊन यावी! हा जो अपराधीपणा आहे ना, रात्री घरात नव्हतो म्हणून सकाळी राबून फेडायचा, तो तुमच्या पत्राच्या ओळीओळीत आहे. रात्रभर तुम्ही काय फिरायला गेला होता?

तेव्हा पहिला बदल: आधी झोप, मग रान. साडेसातला घरी या. थोडं काहीतरी खा, उप्पीट असेल, आंबील असेल, अर्धी भाकरी असेल. अगदी उपाशी पोटी झोप मोडते आणि भरल्या पोटी जळजळतं. हातपाय धुवा आणि आठ-सव्वाआठला दार लावून घ्या. डेअरीची किटली त्या आठवड्यात दुसऱ्यानं न्यायची. तुम्ही घरी यायच्या आत धार कुणीतरी काढलेलीच असते, मग डेअरीला नेणंही तिथंच उरकू द्या. थोरला मुलगा शाळेला जाता जाता नेऊ शकतो का बघा.

झोपेचे तास कसे मांडायचे याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सव्वाआठ ते अडीच-तीन, एकाच दमात. जमलं तर हाच उत्तम. पण आत्ता सुगी आहे, रताळी निघताहेत, भात कापायला आलंय, आणि सहा तास दार लावून बसणं तुम्हाला जमणार नाही, हे मलाही कळतं. मग दुसरा रस्ता: सव्वाआठ ते साडेबारा एक झोप, दुपारी जेवण, चारनंतर ऊन उतरल्यावर रान, आणि कामाला निघण्याआधी संध्याकाळी साडेसात ते नऊ दुसरी झोप. दोन तुकड्यांत मिळून सहा तासांच्या आसपास होतात. ही तुकड्यांची झोप खोटी नसते, तिचाही उपयोग होतो. अट एकच. सकाळचा तुकडा रोज त्याच वेळेला हवा. आज आठला, उद्या दहाला, परवा "जरा बँकेत जाऊन येतो" म्हणून बाराला, असं केलंत तर डोक्यातल्या घड्याळाला काही धरायलाच उरत नाही.

आणि रानाचं म्हणाल, तर पैरा कशासाठी असतो? नाईटच्या आठवड्यात भावकीतल्या कुणाचा दिवस घ्या, सेकंडच्या आठवड्यात सकाळी त्यांच्या रानात जाऊन फेडा. सेकंडला तुम्ही तीनला जाता, सकाळचे चार-पाच तास मोकळे असतात. रात्री मोटरची थ्री फेज वीज आली म्हणून फर्स्टच्या आठवड्यात दोन वाजता उठून मोटर चालू करायला जाता, असंही लिहिलंय तुम्ही. ते मात्र बंदच करा. पाच वाजता उठून मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसानं दोनला रानात जायचं, म्हणजे त्या आठवड्यात सुद्धा नाईटच झाली की. एखाद दिवस पाणी उशिरा मिळालं म्हणून भाजी मरत नाही.

आता खोली. तुम्ही सोप्यात झोपता. समोर टीव्ही, शेजारी बायकोचं शिलाई मशीन, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण उंबऱ्यातूनच विचारतो, "झोपूलाय काय अजून?" मग उठून त्याला उत्तर द्यायचं आणि परत झोपायचं. भाऊ, माजघरामागं पोती ठेवायची खोली आहे ना? पोती सोप्यात आणा आणि माणूस आत न्या. खिडकीला जुनं घोंगडं दुमडून टांगा. जाड, काळं, त्यातून उजेडाचा थेंबही येत नाही. आषाढात आपल्याकडं दिवसभर काळोखी असते, तेव्हा दिवसाची झोप बरी लागते हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो आषाढ खोलीत आणायचा, एवढंच. टेबल फॅन भिंतीकडं तोंड करून लावा, वाऱ्यासाठी नव्हे, आवाजासाठी. एकसारख्या घरघरीत भांड्यांचा आवाज आणि देवळातला स्पीकर बुडून जातो. कानात औषधाच्या दुकानात मिळणारे मऊ बोळे घाला, कारखान्यात देतात तेही चालतील. मोबाईल खोलीबाहेर, बायकोकडं.

आणि एक खूण ठरवा. माझ्या घरी होती ती सांगते. नाईट करून आले की मी माझी ड्युटीची पिशवी बाहेरच्या खुंटीला अडकवायची. पिशवी खुंटीला असली की आई घरात नाही, असं पोरांनी समजायचं. भांडण झालं तर आजीकडं जा, पेन हरवलं तर शेजारी माग. धाकटा एकदा गुडघा फोडून आला, पिशवी बघितली आणि शेजारच्या अक्कांकडून हळद लावून घेतली. मला संध्याकाळी कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण त्या आठवड्यात मी एकदाही कुणावर खेकसले नव्हते. रात्री सारा गाव निजतो म्हणून आपली झोप राखली जाते. दिवसा ते काम घरातल्या माणसांना मुद्दाम नेमून द्यावं लागतं. आईंना सांगा, उंबऱ्यावरचं गिऱ्हाईक तुम्ही परतवायचं. त्यांना ते आवडेल, बघा. घरात कुणाला तरी राखण करायचा अधिकार मिळाला की त्याचं टोमणे मारणं बंद होतं.

थोडं तुमच्या बायकोबद्दल. तुमच्या चार पानी पत्रात त्या तीन वेळा आल्या आहेत: दार उघडायला, डबा द्यायला आणि शिलाई मशीन चालवायला. फर्स्टला तुमच्या डब्यासाठी त्या साडेचारला उठतात. सेकंडला तुम्ही साडेअकराला येता, तोवर त्या जाग्या. नाईटला दोन पोरांसकट घर सांभाळून सकाळी धार. म्हणजे तिन्ही पाळ्या त्यांना लागतात, अलाउन्स मात्र कुठलाच नाही. सेकंडच्या आठवड्यात किल्ली तुमच्या खिशात ठेवा, जेवण झाकून ठेवायला सांगा आणि आवाज न करता वाढून घ्या. फर्स्टला डब्याची भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेवा, तुम्हीच. शिलाईचं काम नाईटच्या आठवड्यात दुपारनंतर करायला जमेल का, हे त्यांना विचारा, हुकूम देऊ नका. त्या पैशांवरच मुलांच्या शाळेचा खर्च निघतो, असं तुम्हीच लिहिलंय.

कारखान्यातली रात्र. नाईटच्या पहिल्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोपूनच निघा, त्या दिवशी तुम्ही सकाळपासून जागे असता आणि म्हणून ती रात्र सगळ्यात धोक्याची. रात्रीचं मुख्य जेवण घरीच नऊच्या सुमारास. मध्यरात्री कॅन्टीनमध्ये थाळीभर भात-सांबार हाणला की तीनला मशीनसमोर डुलकी ठरलेली, त्या वेळी ताक, केळं, मूठभर शेंगदाणे बास. चहा तीनपर्यंत हवा तेवढा प्या, नंतर नको. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे साडेपाचचा कडक चहा साडेदहालाही अंगात निम्मा असतो. सुटीत वीस मिनिटं बाकावर डोळे मिटायची मुभा मिळत असेल तर सोडू नका. तासभर मात्र झोपू नका, खोल झोपेतून उठल्यावर माणूस पंधरा-वीस मिनिटं भांबावलेला असतो आणि त्या अवस्थेत फिरत्या मशीनपाशी हात न्यायचा नसतो.

घरी येतानाचा उजेड डोक्यातल्या घड्याळाला "सकाळ झाली, ऊठ" म्हणून सांगतो. म्हणून साधा काळा गॉगल लावून या, म्हणजे पुढं झोप यायला सोपं जातं. तुमचं गाव पश्चिमेला, येताना सूर्य पाठीशी असतो, त्यातल्या त्यात नशीब. पण ज्या दिवशी कारखान्याच्या गेटवरच डोळे ओढताहेत, त्या दिवशी गॉगल नको आणि गाडीही नको. गाडी मातीत उतरली होती हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय. मला ती ओळ सगळ्यात जास्त टोचली. कडेला माती होती म्हणून वाचलात. कडेला ओढाही असतो, समोरून उसाचा ट्रॅक्टरही येतो. असं वाटलं की गेटच्या आत वीस मिनिटं झोपून मगच निघा, नाहीतर त्याच पाळीतल्या जाग्या असलेल्या गाववाल्याच्या मागं बसा, नाहीतर बसनं या. मी एकदा बसमध्ये अशी झोपले की माझं गाव मागं टाकून शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उठवलं. लाज वाटली, पण हाडं शाबूत होती.

गोळीचं उत्तर स्पष्ट देते. नाही, रोज नाही, आणि मेहुण्याच्या ओळखीनं तर नाहीच. चिठ्ठीशिवाय हातात पडणाऱ्या झोपेच्या गोळ्या बहुधा अल्प्राझोलमच्या जातीच्या असतात. झोप येते, पण काही आठवड्यांत तीच गोळी पुरेनाशी होते, दुसरी लागते आणि मग सोडायला गेलं की झोप आधीपेक्षा वाईट. शिवाय तिचा अंमल रात्रीच्या पाळीत उरला तर मशीनवर काय होईल याचा विचार करा. तुम्ही चारच घेतल्या आहेत, पट्टी बाजूला ठेवा. जे वाचक अशा गोळ्या महिनोन् महिने रोज घेताहेत, त्यांनी मात्र हे वाचून एकदम बंद करू नयेत, त्यानं त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी कराव्यात. सकाळी क्वार्टर मारून झोपणाऱ्यांनाही तेच. दारूनं डोळा लागतो लवकर, पण पुढची झोप तुकडे तुकडे होते.

पाळ्यांच्या चक्राबद्दल मला तुमच्या मॅनेजरशी बोलावंसं वाटतं, पण तुम्हालाच बोलावं लागणार. माणसाच्या आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं, म्हणून त्याला उशिरा सरकणं सोपं जातं, अलीकडं ओढणं अवघड. फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट असं सुलटं चक्र शरीराला झेपतं. तुमच्याकडं उलटं आहे. त्यातून घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं, म्हणजे आठवड्याभरात ते कसंबसं वाटेला लागतं तोच पाळी बदलते. सुलट्या चक्रात एक अवघड जागा आहे, ती आधीच सांगते, नाहीतर मॅनेजर तीच दाखवून तुम्हाला परत पाठवेल. सुट्टीच्या सकाळी सातला नाईट सुटते आणि दुसऱ्या दिवशी सातला फर्स्टला हजर. बरोबर २४ तास. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ५७ होतं, त्यात मध्यरात्रीपलीकडं चालणाऱ्या पाळीतल्या कामगाराची सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास असंच धरलेलं होतं. कायद्यात बसतं, अंगात बसायला जरा कष्ट पडतात. त्या दिवशी सकाळी तीनच तास झोपा, गजर लावून उठा, दिवसभर उजेडात राहा आणि रात्री नऊला पाठ टेका. दिवसभर झोपलात तर रात्री छताकडं बघत बसाल. एकट्यानं अर्ज करू नका. पाळीतली दहा-बारा जणं मिळून, युनियन असेल तर तिच्यामार्फत, "तीन महिने करून बघू" एवढंच मागा. चुकलेला जॉब, म्हणजे बिघडलेला नग, आणि मोडलेलं टूल पहाटेच जास्त निघतात का, हे सुपरवायझरला त्याच्याच रजिस्टरमध्ये बघायला सांगा.

राहिली नोकरी. ६,००० रुपये कमी हा तोटाच आहे, असं तुम्ही धरून चाललाय. असेलही. पण नाईटचा अलाउन्स, नाईटच्या आठवड्यात वाया जाणारं रानातलं काम, ॲसिडिटीची औषधं आणि तुम्ही घरात असून नसल्यासारखे असता ते दिवस, हे सगळं एका कागदावर मांडा. आकडा ६,००० च राहील असं नाही. उलट बाजूही मांडा. गोदामात पीएफ, ईएसआय आहे का? पाच वर्षांनी पगार किती? सीएनसीवरचा हात सुटला की परत मिळतो का? मी आज तुम्हाला सोडा म्हणणार नाही आणि राहा असंही म्हणणार नाही. वर सांगितलेलं दोन चक्रं, म्हणजे सहा आठवडे, करून बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोनच आकडे लिहा: किती तास झोपलो आणि येताना गाडीवर किती वेळा डुलकी आली. सहा आठवड्यांनी तो कागद आणि हे कॅलेंडर शेजारी ठेवून बायकोसोबत बसा.

काही बाबतींत मात्र सहा आठवडे थांबायचं नाही. घोरता घोरता श्वास अडकतो असं बायको सांगत असेल, पुरेसं झोपूनही सकाळी डोकं जड राहत असेल, तर ती पाळीची भानगड नाही, झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. त्याची तपासणी होते आणि उपचार आहे. बीपी, शुगर असेल तर डॉक्टरांना "माझी नाईट असते" हे आवर्जून सांगा, कारण गोळ्यांच्या वेळा त्यानुसार बदलाव्या लागतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय नाईट स्वीकारूच नये. फिट येणाऱ्यांनीही नाही, जागरणानं फिट येऊ शकते. आणि गाडीवर पुन्हा एकदा जरी डोळा लागला, तरी सरळ दिवसपाळी मागा, नाही मिळाली तर गोदाम धरा. तिथं हिशोब मांडत बसू नका.

कॅन्सरचंही तुम्ही विचारलंय, मोबाईलवर काहीतरी आलं होतं म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला "बहुधा कारणीभूत" गटात टाकलंय हे खरं आहे. त्याच गटात लाल मांसही आहे. वर्षानुवर्षं चालणाऱ्या नाईटचा विचार करावा इतपत ते गंभीर आहे, आज रात्री झोप उडावी इतपत नाही.

निपाणी-चिकोडी-अथणीकडं गाळप सुरू झालं की साखर कारखान्यातले पाळीवाले, हायवेच्या टोलवरची पोरं, रातराणी बसचे ड्रायव्हर, दवाखान्यातल्या माझ्या बहिणी, सगळ्यांना घोंगडं, खुंटी आणि तीननंतर चहा नको हे लागू आहे. बहिणींना एक जास्तीचं सांगते: नाईट करून आल्यावर आधी झोपायचं, मग स्वयंपाक. घरात कुणी तोंड वाकडं केलं तर हा कागद त्यांच्या हातात द्या.

भाऊ, रताळी निघून भाताची मळणी झाली की कॅलेंडरचं पान कापून मला पाठवा. आणि हे तुम्ही नाईटवरून येऊन, किटली खाली ठेवून वाचत असाल, तर इथंच घडी घाला. पिशवी खुंटीला लावा. उरलेलं संध्याकाळी चारनंतर वाचा, बायकोला आणि आईंना शेजारी बसवून.